बेबी ऑफ सविता

पिंप्राळा, जळगाव
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सविताअक्का,

सप्रेम जय भीम.

तुला काय म्हणून हाक मारावी, यातच दोन कागद वाया गेले. लग्नाआधी तू माझी मामेबहीण होतीस आणि मी तुला अक्का म्हणायचे. प्रशीलदादाशी तुझं लग्न झालं तेव्हा आईने मला बजावलं होतं, आता वहिनी म्हणायचं, अहोजाहो करायचं. मला ते चार दिवसही जमलं नाही. नंतर तू माहेरी बोदवडला परत गेलीस आणि वहिनी म्हणायचा हक्कच संपला. म्हणून पुन्हा अक्का लिहिते. तुला आवडलं नाही तर पुढचं वाचू नकोस असं मी म्हणणार होते, पण ते खोटं होईल. तू शेवटपर्यंत वाचावंस अशी माझी फार इच्छा आहे.

आपण शेवटच्या भेटलो त्याला सहा वर्षं झाली. आबा गेले तेव्हा तू मामांबरोबर आली होतीस. फुलं वाहिलीस, आईच्या पाया पडलीस आणि पाणीसुद्धा न घेता निघालीस. मी जिन्यापर्यंत तुझ्या मागे आले होते. तू वळून विचारलंस, "पीएचडीला लागलीस म्हणे, कशावर?" मी म्हटलं, पेशींवर. तू म्हणालीस, "छान," आणि गेलीस. त्या दिवशी मला जे बोलायचं होतं ते आज लिहिते आहे. मधल्या काळात कळलेलंही खूप आहे, तेही लिहिते. कदाचित नीट क्रमाने येणार नाही.

माझं काम तुला समजावून सांगायला मला संकोच नाही, कारण माझ्या अकरावीच्या जर्नलमधल्या बायोलॉजीच्या आकृत्या तूच काढल्या होत्यास. आतड्याच्या आतल्या बाजूची आकृती तर सरांनी वर्गात फिरवून दाखवली होती आणि मी निर्लज्जपणे शाबासकी घेतली होती. तू बारावी सायन्सला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त मार्क मिळवले होतेस, आणि महिन्याभरात तुझं लग्न ठरलं. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्याच्या घरी मामाची मुलगी येतेय, घरातली घरात राहील, असंच सगळे म्हणत होते.

तर आतड्याच्या आत पेशींचा एकच थर असतो, एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या पेशींचा. प्रत्येक पेशीला वरची आणि खालची बाजू असते. वरची अन्नाकडे, खालची रक्ताकडे. वरच्या बाजूला अगदी बारीक केसांसारखे उंचवटे असतात, आणि दूध, पाणी, क्षार जे काही आत घ्यायचं ते त्यांच्यातूनच घेतलं जातं. पण पेशीला आपलं वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळतं कसं, हा आमच्या लॅबचा प्रश्न. पेशीभोवतीचं आवरण लिपिडचं, म्हणजे स्निग्ध पदार्थांचं असतं. ही लिपिडं अनेक प्रकारची असतात आणि सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. काही ठरावीक वरच्या बाजूला जमतात, काही खाली आणि कडेला. ती जिथे असतील त्यावरून बाकीची प्रथिनं आपापली जागा धरतात. खालच्या बाजूचं लिपिड मी वरच्या बाजूला घातलं, तर थोड्याच वेळात ती वरची बाजू खालच्यासारखी वागायला लागते. पहिल्यांदा हे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभीच राहिले होते. इतक्या छोट्या गोष्टीवर सगळं अवलंबून असतं.

हा विषय मी आपल्या घरात जे झालं त्यामुळे निवडला, असं मला लिहिता आलं असतं. पण तसं नव्हतं. फेलोशिप मिळाली, त्या मॅडमच्या लॅबमध्ये जागा होती, म्हणून गेले. तुझ्या गेलेल्या दोन बाळांचा विचार मी करतच नव्हते. खरं तर तो येऊ नये म्हणून जपत होते.

गेल्या वर्षी जुलैमध्ये लॅबमधल्या एका मुलाने एका आजाराविषयी वाचून दाखवलं. त्या आजारात वरच्या बाजूचं आवरण वाहून नेणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन बिघडलेलं असतं. आवरणाची छोटी छोटी पुडकी आपली लिपिडं, प्रथिनं घेऊन वर पोचतच नाहीत, पेशीच्या पोटातच अडकतात. बारीक केस उगवायचे ते पेशीच्या आत उगवतात, आणि वरची बाजू जवळजवळ उघडी राहते. मूल जन्मतं तेव्हा छान दिसतं. दोन-चार दिवसांत जुलाब सुरू होतात, आणि ते इतके पाण्यासारखे असतात की आईवडिलांना ती शू वाटते. तोंडाने सगळं बंद केलं, नुसत्या सलाइनवर ठेवलं, तरी ते थांबत नाहीत.

अक्का, तिथे मला तुझं दुसरं बाळ आठवलं. त्याची ओली दुपटी दाखवून आई सगळ्यांना सांगत होती की बघा, किती छान शू करतो, या वेळी काही भीती नाही. तू एकटीच ती दुपटी खिडकीपाशी नेऊन उजेडात बघायचीस. तू म्हणालीस, "ही शू नाही. ही शीच आहे." कोणी ऐकलं नाही. दोन दिवसांनी बाळाचे डोळे खोल गेले तेव्हा आपण त्याला घेऊन धुळ्याला गेलो, आबांच्या बहिणीच्या, नर्मदाआत्याच्या ओळखीच्या दवाखान्यात. तिथे त्याचं दूध बंद करून सलाइन लावलं, आणि तिसऱ्या दिवशी तू त्या तरुण डॉक्टरबाईंना विचारलंस, "मॅडम, याच्या पोटात तीन दिवस काही गेलं नाही, मग हे येतं कुठून?" हा प्रश्न त्या दवाखान्यात दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. रोग ओळखायला तोच प्रश्न लागतो, हे मी अकरा वर्षांनी एका खोलीत बसून ऐकत होते, आणि तो माझ्या अक्काने एकविसाव्या वर्षी, कोणी न शिकवता विचारला होता.

त्या डॉक्टरबाईंनी मात्र तुझं ऐकलं होतं. तुला आठवत असेल, त्यांनी बाळाच्या आतड्याचा बारीकसा तुकडा तपासायला घेतला होता. आत्या तेव्हा किती ओरडली होती. रिपोर्टमध्ये स्पष्ट काही आलं नाही, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळही राहिलं नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला जाऊन त्यांना शोधलं. आता त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे, केस पिकलेत. मी नाव सांगण्याआधी त्या म्हणाल्या, "ती मुलगी कशी आहे? पोटात काही नाही तर येतं कुठून, असं विचारणारी?" त्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला देता आलं नाही, हे त्यांना इतकी वर्षं टोचत होतं. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून जपलेला असतो. तो अजून जपलेला होता. वर चिकटवलेल्या कागदावर शाईने लिहिलं होतं, "बेबी ऑफ सविता". बाळाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं ना. ते अक्षर वाचलं आणि मी त्यांच्या समोरच रडले.

नव्या रीतीने रंगवून तो तपासला. जे वर असायला हवं होतं ते सगळं पेशींच्या आत होतं. तोच आजार. जनुकांचीही तपासणी झाली आणि नक्की झालं. यासाठी प्रशीलदादाची सही घेतली होती. तुझीही घ्यायला हवी होती. तुझ्या बाळाचा तुकडा तुला न विचारता मी उघडला, कारण तुझ्यासमोर येण्याचं धाडस माझ्यात नव्हतं. त्याबद्दल तू मला काय बोलायचं ते बोल.

हा आजार कोणाच्या दुधातून येत नाही. जन्मतःच असतो. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी दोन बिघडलेली जनुकं एकत्र आली तरच होतो. एकच असेल तर त्या माणसाला आयुष्यात कधी कळतही नाही. तुझ्यात एक आहे आणि दादात एक आहे. तुला ते मामांकडून आलं, दादाला आईकडून, म्हणजे दोघांनाही एकाच आजोबा-आजीकडून. माझ्यातही आहे, मी रक्त तपासून घेतलं. तू सोडून आम्ही सगळे निर्दोष, आणि फक्त तुझ्यात खोट, असं ज्या घराने ठरवलं, त्या घरात तीच गोष्ट आमच्याच पंगतीला जेवत होती.

आईला मी हे मार्चमध्ये सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं, काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या माहेरचं आहे ते. माझंच." मी म्हटलं, यात कोणाचा दोष नसतो. तर म्हणाली, "तो नसेल. पण माझ्या भावाच्या पोरीला माझ्या घरात सगळे बोलत होते आणि मी खाली बघून बसले होते, त्याचं काय? तेही रक्तातून आलं का?" दादाला सांगितलं तेव्हा तो खाली जाऊन स्कूटरवर नुसता बसून राहिला. वर आल्यावर एवढंच विचारलं, "त्या बाळांना फार दुखलं असेल का गं?" त्याची आताची बायको मयुरी दारात उभी होती. तिनेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नर्मदाआत्याला मात्र हे कधी कळणार नाही. ती तीन वर्षांपूर्वी गेली.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी दुपारचं जेवण टाळून बसले आहे.

दुसरं बाळ जन्मल्यावर चौथ्या दिवशी तू थकून झोपली होतीस. ते जागं होतं, ओठ हलवत होतं. मला ते फार गोड वाटलं. फडताळात मधाची बाटली होती. मी करंगळीला थेंबभर मध लावून त्याच्या तोंडात दिला. त्याने तो चोखला. मला इतका आनंद झाला की पुन्हा दिला. दुसऱ्या दिवसापासून ती दुपटी भिजायला लागली.

धुळ्याच्या दवाखान्यात व्हरांड्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काही पाजलं होतं का?" आत्या, आई, दादा, तू, सगळे होतात. मी सोळा वर्षांची होते आणि मला वाटत होतं की मी बाळ मारलं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, "बोल ना, तू तर घरातच व्हतीस." आणि मी म्हणाले, "वहिनीने साखरेचं पाणी दिलं होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस. तू मान खाली घातलीस. तुला मधाचं माहीत होतं का? बाटलीचं झाकण मी नीट लावलं नव्हतं. गेली बारा वर्षं मी हे स्वतःला विचारते आहे. तू गप्प राहिलीस त्याचा अर्थ सगळ्यांनी कबुली असा घेतला. मला वाटतं, तू मला वाचवलंस. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, आणि उघडलं नाही.

मग पिंप्राळ्याच्या घरी ती बैठक झाली. तोताराममामा सतरंजीच्या कडेला हात जोडून बसले होते, स्वतःच्या बहिणीच्या घरात. आत्या म्हणाली, "पहिली पोर बी अशीच गई. इना दूधमाच खोट शे. आनि वर बाहेरनं पानी पाजस." तिने तुझ्या दुधालाच दोष दिला, आणि माझी ती साखरेची गोष्ट तिथे सगळ्यात मोठा पुरावा झाली. मी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होते. दोन पावलं टाकली असती तर बाहेर आले असते. तू त्याच आठवड्यात बोदवडला गेलीस. तुझ्या पेटीत तुझ्या साड्या मीच भरल्या, आठवतं? तू म्हणालीस, "अभ्यास सोडू नकोस."

त्या मधाने बाळ गेलं नाही, हे मला आता माहीत आहे. तो आजार त्याला जन्माआधीपासून होता. पण म्हणून मी सुटले असं मला वाटत नाही. मी तुझ्यावर ढकललं ते खोटंच होतं, आणि मध दिला नसता तरी ते खोटंच राहिलं असतं. हे मी आई आणि दादाला सांगितलं आहे. बोदवडला जाऊन मामा-मामींनाही सांगितलं. मंजुळामामींनी माझ्यापुढे पाणी ठेवलं. मग म्हणाल्या, "पोरी, हे तू तिला सांग. आम्हाला सांगून काय उपयोग?"

मामांनी मला तुझा नंबर दिला नाही, तुझ्या नवऱ्याचा, भटूभाऊंचा दिला. मी जुलैत त्यांना फोन केला. मला वाटलं होतं चार वाक्यांत फोन ठेवतील. पण ते वीज मंडळाच्या कामावरून खांबाच्या सावलीत उभे राहून पाऊण तास बोलले. तुला सातवा महिना असल्याचं मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी सांगितलं की लग्नाला तीन वर्षं होईपर्यंत तू मूल नकोच म्हणत होतीस. अंगणवाडीत तू गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला पहिलं पिवळं दूध पाजायला लावतेस, कोणी टाळलं तर तिच्या घरी जाऊन बसतेस. आणि जामनेरहून पावडरच्या दुधाचे दोन डबे आणून तू कपाटात ठेवले आहेस. बाळाला अंगावर घेणारच नाही म्हणतेस. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालीस, "माझ्या दुधाने दोन गेले." भटूभाऊ मला म्हणाले, "मॅडम, ती बाकी सगळं माझं ऐकते, एवढं ऐकत नाही. तुम्ही सांगा. पण आधी माझं रक्त तपासा. माझ्यातही ते असेल तर तिला अर्धवट सांगू नका." त्यांनी तुला काही न कळवता जळगावला येऊन रक्त दिलं. रागावू नकोस त्यांच्यावर.

काल संध्याकाळी रिपोर्ट आला आणि आज मी हे पत्र लिहायला बसले. भटूभाऊंच्या जनुकांत तो दोष सापडलेला नाही. आम्ही लोक शंभर टक्के असं कधी म्हणत नाही, म्हणून डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला सांग, या बाळाला तो आजार होईल अशी भीती धरायचं कारण उरलेलं नाही." रिपोर्टची प्रत आणि त्यांचा नंबर सोबत ठेवला आहे. त्या कधीही बोलायला तयार आहेत. अक्का, तुझ्या दुधात तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. त्या दोघांच्या पोटात जे गेलं त्यात तुझं दूध सगळ्यात चांगलं होतं, फक्त ते घेणारी त्यांची आतडी तशी घडली नव्हती. मला क्षमा कर असं मी या पत्रात मागत नाही. ते तू तुझ्या सवडीने ठरव, किंवा ठरवू नकोस. आई विचारते आहे की बाळंतपणाला ती पहूरला तुझ्या घरी आली तर चालेल का. नाही म्हणालीस तर ती येणार नाही, आणि वाईटही वाटून घेणार नाही असं म्हणते. मला काही उत्तर नको. मी हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की पुढच्या महिन्यात बाळ तुझ्या हातात देतील तेव्हा माझं ते व्हरांड्यातलं वाक्य तुझ्या मनात असू नये. ते डबे कोणा गरजूला देऊन टाक. बाळाला जवळ घे आणि पोटभर पाज.

तुझीच,
मृणाली